नमस्कार, साकिब

पडद्यावर ‘नमस्कार, साकिब’ अशी अक्षरं उमटली आणि गुलशननं बटणावरचं बोट हळूच मागं घेतलं, तापलेल्या झाकणाला नकळत हात लागल्यावर घेतात तसं. द्वारकाबाई सतरंजीवर बसून सम्यकला वजाबाकी समजावत होत्या, की शेजारच्या घरातून एक दशक मागून आणायचा आणि तो मोडून सुटे दहा करायचे, आणि सम्यक विचारत होता की शेजाऱ्यानं नाही म्हटलं तर काय करायचं. बाईंना हसू आलं होतं. ते हसू ओठांवर असतानाच त्यांची नजर संगणकाकडं गेली. गुलशन पडद्याकडं बघत होती, ओळखीच्या घराचं दार अनोळखी माणसानं उघडलं म्हणजे उंबऱ्याबाहेरून बघतात तसं. मग तिनं खुर्ची नीट आत सरकवली, ओढणी सावरली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि निघून गेली. रोज जाताना ती ‘येते बाई’ म्हणायची. आज म्हणाली नाही. फाटकाची कडी वाजली आणि बाईंच्या कानांत ती वाजतच राहिली. “सांगा ना बाई,” सम्यक म्हणाला, “शेजाऱ्यानं नाय दिला तर?” “देतो रे,” बाई म्हणाल्या, “वजाबाकीतले शेजारी नाय म्हणत नसतात.”

हडकोतल्या घराची पुढची खोली म्हणजे बाईंचं वाचनालय. पिशोरच्या शाळेतून निवृत्त होऊन त्या शहरात आल्या, मग त्यांचे यजमान बद्रीनाथ गेले, आणि त्यांची बसायची खोली इतकी गप्प झाली की बाईंनी ती मुलांना देऊन टाकली. आधी पुस्तकं आली, मग त्यांचा जुना विद्यार्थी संघपाल दोन जुने संगणक घेऊन आला. तो एका संस्थेत काम करत होता. त्या संस्थेच्या मुलांसाठी चार साइट होत्या, एक गोष्टींची, एक गणिताची, एक शब्दांची, एक चित्रं काढायची. मुलांना चारही आवडायच्या, पण प्रत्येकीचं दार निराळं. एकीकडं नाव वेगळं, दुसरीकडं परवलीचा शब्द वेगळा. गोष्टींचा आठवला तर गणिताचा विसरलेला. साकिबनं सगळीकडं आपल्या बकरीचं नाव टाकलं होतं आणि ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. दुपारचा अर्धा वेळ दाराशीच जायचा. म्हणून संघपालनं ती जुनी नावं बंद करून एक बटण बनवलं. त्यावर लिहिलं होतं, ‘घरच्या फोननं आत या’. घरच्यांनी आपल्या फोनवरून या खोलीतल्या संगणकांसाठी एकदाच होकार द्यायचा. मग मुलानं आपल्या घराचा नंबर निवडून ते बटण दाबलं की चारही दारं एकदम उघडायची. काही लक्षात ठेवायला नको, काही लिहायला नको. बाईंना ते फार आवडलं होतं. त्यांनी स्वतः फाटकाशी उभं राहून एकेका घराची नोंदणी केली होती. साकिब आणि गुलशनचा बाप चांदपाशा कूलर दुरुस्तीच्या घाईत होता, त्यानं फोन पुढं केला, साकिब शेजारी उभा होता, आणि नावाच्या रकान्यात बाईंनी साकिब लिहिलं. त्यात विचार असा काही नव्हता. पोरगा मोठा होता, समोर होता. घराच्या दारावर एक पाटी असते, तसं त्यांना वाटलं असावं. पाटीवर कुठं सगळ्यांची नावं असतात?

संध्याकाळी मुलं गेल्यावर त्या सतरंजी झटकायला उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. चैत्र लागायचा होता, पण ऊन आताच भिंतीत मुरायला लागलं होतं. हात ठेवला की भिंत माणसाच्या अंगासारखी कोमट लागायची. ‘नमस्कार, साकिब.’ किती अदबीनं म्हटलं होतं यंत्रानं. चूक करणारा अदबीनं बोलला की रागवायलासुद्धा जागा उरत नाही. आणि मग, कशाचा काही संबंध नसताना, त्यांना तांदळांचं ताट दिसलं. वैजापूरच्या मांडवातलं, पितळी, काठाला किंचित पोचा पडलेला. बद्रीनाथांनी अंगठीनं त्या तांदळांत अक्षरं ओढली होती आणि बाई समोर बसल्या होत्या, त्यामुळं त्यांना ती उलटी दिसली. पहिलं जोडाक्षर काही केल्या लागेना. कुणीतरी मोठ्यानं वाचलं, ‘द्वारका’, आणि बायका हसल्या, कारण सासूबाईंनी ते फार हौसेनं ठरवलं होतं. लेकाचं नाव बद्रीनाथ, मग सून द्वारका. एका घरात दोन धामं, म्हणजे आता यात्रेला जायची गरज नाही. त्या वेळी ताटासमोर बसलेल्या मुलीला क्षणभर वाटलं होतं की हे दुसऱ्याच कुणाचं चाललंय आणि आपण चुकून इथं येऊन बसलोय. तिचं नाव कृष्णा होतं. देवगाव रंगारीत आई शेताच्या बांधावरून हाक मारायची, ‘कृष्णेऽऽ’, आणि ती हाक कपाशीवरून येताना मऊ होऊन यायची. लग्नानंतर कितीतरी दिवस ‘द्वारका’ म्हणून हाक आली की तिचं डोकंच वळायचं नाही. सासूबाईंना वाटलं, पोरीला कमी ऐकू येतं. त्यांनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि मांडीवर डोकं घेऊन दोन्ही कानांत घातलं, रोज, मायेनं. ती मांडी, तो लसणाचा वास, कानात उतरणारी ती उबदार गुळगुळ. ‘मला ऐकू येतं, पण ते नाव माझं नाही’ असं म्हणायचं राहूनच गेलं. इतक्या मायेनं तेल घालणाऱ्या बाईला असं कसं सांगायचं? आणि मग एके दिवशी हाक आली आणि डोकं वळलं. सासूबाई म्हणाल्या, “बघा, तेलानं गुण आला.”

दुसऱ्या दिवशी गुलशन आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. साकिब आला, उड्या मारत, आणि चित्रांच्या साइटवर एक भलाथोरला ट्रक काढून गेला. “गुलशन कुठंय रे?” “घरी.” “बरी आहे ना?” “एकदम फस्क्लास. रोज मला मारती.” बाईंना त्याच दिवशी जायचं होतं, पण तो नळाचा दिवस होता. पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो आणि आलं की हातातलं टाकून उभं राहावं लागतं. टाकी, पिंप, बादल्या, शेवटी तांबेसुद्धा. पाणी भरताना त्यांच्या मनात गुलशनची पाठ येत राहिली, खुर्चीवर ताठ बसलेली, एका खांद्यावर ओढणी. ती मुलगी अशी होती की गोष्ट वाचताना ओठ हलवायची नाही, पण पायाची बोटं हलवायची. कथा जोरात आली की बोटं जोरात. बाईंनी आयुष्यभर मुलं वाचताना पाहिली होती आणि कोण खरंच वाचतंय ते त्यांना पायांवरून कळायचं. गोष्टींच्या साइटवर प्रत्येकाची एक फळी असायची, वाचून झालेल्या गोष्टींची. गुलशनची फळी सगळ्यांत लांब होती. ती कधीकधी नवी गोष्ट वाचायचीच नाही, नुसती फळी बघत बसायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बादली भरून वाहायला लागली तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की ती मुलगी बटण दाबून आत गेली तेव्हा तिला तिची फळी दिसलीच नसणार.

चांदपाशाचं घर जटवाडा रस्त्याच्या अलीकडं, एका बोळात. अंगणात कूलरचे पत्र्याचे सांगाडे एकावर एक रचलेले आणि त्यांच्या ताट्यांत भरायचं नवं गवत पोत्यांतून बाहेर डोकावत होतं. त्याला ओल्या लाकडाचा आणि उन्हाळ्याचा असा एकत्र वास येत होता. चांदपाशा पान्हा टाकून उठलाच.

“आओ बाई, आओ! धूप में कायकू निकले? फोन करना था, मैं आ जाता. महेजबीन, पाणी आण, बाई आल्यात.”

महेजबीन पदरानं तांब्या पुसत आली. “बसा बाई. पंख्याखाली बसा. कूलर नाय आमच्याकडं, हसू नका.”

“कूलरवाल्याच्या घरी कूलर नाय?”

“दोनदा लावला. दोनदा यांनी विकला,” महेजबीन म्हणाली. “गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरचा वारा काढून देतात.”

चांदपाशा हसला, मान खाजवली. मग म्हणाला, “गुलशनचं विचारायला आल्या ना? काय झालं बाई, काय बोलतच नाय ती. मी म्हणलं, बाई रागावल्या का? तर नुसती मान हलवती.”

आतल्या दाराचा पडदा हलला. साकिबनं तेवढ्यात बाहेरून येऊन पडद्याला हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, “नमस्कार, साकिब!” पडद्यातून एक चप्पल आली. ती त्याला लागली नाही, कूलरच्या पत्र्याला लागली आणि घंटेसारखा आवाज झाला. “हे बघा,” साकिब म्हणाला, “मी नाव घेतलं तरी मारती. माझंच नाव हाय ते!” “गप बैस रे,” महेजबीन म्हणाली, आणि गुलशनला काय झालं ते आता कळल्यासारखं तिनं बाईंकडं पाहिलं.

गुलशन बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. बाईंना वाटलं, राग असता तर बरं झालं असतं.

“बाई, ते नाव तुम्हीच लिहिलं ना?”

“व्हय गं. मीच.”

“मग मला काय म्हणून लिहिलं?”

बाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मुलांशी खोटं बोलायचं नाही ही एकच गोष्ट त्यांनी नोकरीत कसोशीनं पाळली होती, आणि ती आता जड जात होती. “तुला लिहिलंच नाय बाळा,” त्या म्हणाल्या. “ध्यानातच आलं नाय माझ्या.”

गुलशननं मान हलवली, जणू तिला हे ठाऊकच होतं आणि फक्त बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. मग ती भराभर बोलायला लागली. “तिथं नुसते ट्रक हायत. माझी फळी नाय. मी तुमच्याकडं बसून एक गोष्ट वाचली ना, तर ती त्याच्या फळीवर जाईल. त्यानं एक बी वाचली नाय अन् सगळ्या त्याच्या नावावर. अन् माझी उंटीण पुलापर्यंत आली होती. ती पूल बघून थांबलीय. तिला पाण्यावरून चालायचं म्हायती नाय.”

“कोणती उंटीण?” चांदपाशानं विचारलं.

“गोष्टीतली, अब्बा.”

“हां,” तो म्हणाला आणि जरा वेळानं, गंभीरपणे, “मग काय झालं तिचं?”

“तेच तर वाचायचं होतं!”

बाई उठताना गुलशननं फाटकापर्यंत सोबत केली. ऊन पिवळं झालं होतं. “माझ्या नावानं दार उघडलं तर येईन मी,” ती म्हणाली. धमकी नव्हती, अट नव्हती. शेजारणीनं दूध नासलं तर नवं आणीन म्हणावं इतकं सरळ होतं. आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, “सोमवारी ये.” कोपऱ्यावर आल्यावर त्या थबकल्या. सोमवारी काय? त्यांना त्या बटणातलं एक अक्षर बदलता येत नव्हतं. संघपालनं नाही म्हटलं तर? मुलीला दिलेला शब्द हातात तसाच राहिला तर ती पुन्हा कधी फाटकाची कडी वाजवणार नाही, हे त्यांना पायाखालच्या रस्त्याइतकं स्पष्ट दिसत होतं. गुलशनसारखी मुलं भांडत नाहीत. ती खुर्ची नीट आत सरकवतात आणि जातात. आपण तरी काय केलं होतं? कानात तेल घालून घेतलं होतं.

शनिवारी संघपाल आला, चिकलठाण्याच्या कचेरीतून थेट, हेल्मेटनं केस चपटे झालेले. बाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं ठेवली आणि तो जेवताना गप्प राहिल्या, कारण भुकेल्या मुलाला गणित घालू नये असं त्यांचं मत होतं. तोच बोलत होता. सोमवारी शाळांना दाखवायचं होतं. मुख्याध्यापक येणार होते, वैजापूरहून, कन्नडहून. शाळांनी हे बटण घेतलं तरच संस्था पुढं चालवणार होती, नाहीतर पुन्हा चार साइट, चार दारं. “लोक घेतच नायत बाई. मी किती सोपं केलं. आधी पाच पायऱ्या होत्या, मग तीन, आता एक. एकच! तरी बी. अन् एक गंमत सांगू? पोरं रोज दाबतात. पोरी एकदा दाबतात अन् परत येत नायत. मला वाटलं, पोरींना घरी कामं असतील.”

बाईंनी त्याला उंटीण सांगितली. चप्पल सांगितली. शेवटी, जरा खाली बघत, आपण दिलेला शब्द सांगितला.

संघपालनं हात धुतले आणि बराच वेळ पुसत राहिला. “बाई, तिची फळी कुठं गेली नाय. जुन्या नावाच्या मागं हाय, मी आणून देईन. पण दारात नाव विचारायचं म्हणजे आणखी एक पायरी. एक पायरी वाढली की माणसं परत फिरतात, हे मी लई बघितलंय. सोपं म्हणजे काय? काय बी न विचारता आत घेणं. माझं सगळं कामच ते हाय.” तो हसला. “तुमच्यामुळंच हे डोक्यात बसलंय, म्हायतीय का?”

“माझ्यामुळं?”

“मोगरी विसरलात?”

त्या विसरल्या नव्हत्या. पिशोरच्या शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि तो वाजवायची ही लाकडी मोगरी, मुठीशी घामानं काळी झालेली. गावात कुठं काही आणायला मुलाला धाडायचं तर बाई त्याच्या हातात मोगरी द्यायच्या. पोस्टात जा, ग्रामपंचायतीतून नकाशा आण, धान्याच्या दुकानातून वजनं आण, आज किलो शिकायचाय. मोगरी दिसली की लोक समजायचे, बाईंनी पाठवलंय, आणि कुणी उलटतपासणी करायचं नाही. कुणी घरी न्यायची नाही, काम झालं की परत खुंटीला. मुलं मोगरीसाठी भांडायची. बाईंना तो आपला एक साधा सोयीचा रिवाज वाटायचा.

“तराजू आणायला तुम्ही मला धाडलं होतं,” संघपाल म्हणाला. तो आता संगणकाकडं नाही, खिडकीतून बाहेर बघत होता. “त्या दुकानाची पायरी आमच्या घरचं कुणी चढलेलं नव्हतं बाई. माझा बाप खालूनच पिशवी धरायचा. कुणाचा रे तू, असं विचारायचे तिथं, अन् सांगितलं की पुढचं सगळं आपोआप ठरायचं. मी मोगरी वर धरून उभा राहिलो. दुकानदारानं मोगरी बघितली अन् म्हणला, ये, आत ये, तिथं कोपऱ्यात हाय बघ तराजू. बास. मी आत गेलो, गुळाचा वास येत होता, अन् मी माझ्या हातानं तराजू उचलला.”

त्या दिवशी बाईंनी वर्गात किलो शिकवला होता, अर्धा किलो, पाव किलो. तराजू घेऊन आलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडं त्यांनी पाहिलं असेल का? असणारच, आणि काही दिसलं नसेल. केवढी गोष्ट त्यांच्या टेबलावर येऊन टेकली होती आणि त्यांनी तिच्यात शेंगदाणे मोजले होते. त्यांना त्या लहानग्या हाताला आत्ता, इतक्या वर्षांनी, धरावंसं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, “काय म्हणालास रे तू दुकानदाराला?”

“काय म्हणणार? तुम्ही पाठ करून घेतलं होतं तेच. आधी आपलं नाव, मग बाईंचं, मग काम. मी म्हणलो, मी संघपाल, मला बाईंनी...”

तो थांबला. बाईंनी मान वर केली नाही. उत्तर जवळ आलेल्या मुलाकडं बघायचं नसतं. बघितलं की ते बिचकून परत जातं. त्या सतरंजीची एक सुटलेली दशी बोटाला गुंडाळत राहिल्या. बाहेर कुणीतरी भाजीच्या गाडीवरून ‘ले लो ककडी’ ओरडत गेलं.

“आधी नाव,” संघपाल स्वतःशीच म्हणाला. “दुकानदारानं मला विचारलं नाय, कारण मीच आधी सांगितलं होतं. हे माझं यंत्र मोगरी कुणाची तेवढंच बघतंय. हातात धरलीय कुणी, ते विचारतच नाय. म्हणजे हे सरळ...” त्यानं कपाळाला हात लावला. “कुणाची गं तू, चांदपाशाची का, मग तू साकिब. बाई, मी त्या पायरीवर नेऊन उभं केलं की हो तिला.”

“नाव मी लिहिलं होतं,” बाई म्हणाल्या.

“रकाना मी एकच ठेवला होता.”

दोघांना हसू आलं, जरासं ओलं. मग तो हेल्मेट शोधायला लागला. “एक पायरी वाढंल,” तो दाराशी म्हणाला. “वाढली तर वाढली. तुमच्या उंटिणीवालीला विचारून ठेवा, तिच्या नावापुढं चित्र कशाचं पाहिजे म्हणावं. छोटी पोरं नाव वाचणार नायत, त्यांना चित्रच लागंल.” बाईंनी साकिबकरवी विचारून घेतलं. उत्तर आलं, ‘उंटीण. उंट नाय.’

सोमवारी दुपारी बाईंनी दोनदा फाटक उघडून रस्ता पाहिला, मग स्वतःवरच चिडून आत येऊन बसल्या. मुलं आली, श्रेया आली, सम्यक आला. वजाबाकी झाली. कडी वाजली तेव्हा त्या मुद्दाम वहीतच बघत राहिल्या. चपला निघाल्याचा आवाज आला. गुलशन संगणकासमोर बसली आणि मागं सगळी मुलं गोळा झाली. तिनं घराचा नंबर निवडला, बटण दाबलं, हात मांडीवर घट्ट धरले. पडद्यावर अक्षरं आली, ‘आज कोण आलंय?’ आणि खाली दोन चित्रं, एक ट्रक आणि एक जनावर.

“ही तर म्हैस हाय,” सम्यक म्हणाला.

“उंटीण आहे,” गुलशन म्हणाली. “ती बसलीय.” तिनं त्या जनावरावर बोट ठेवलं आणि पडदा म्हणाला, ‘नमस्कार, गुलशन.’ तिची फळी उघडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शेवटाला अर्धी राहिलेली गोष्ट, पुलाशी थांबलेली. थोड्या वेळानं बाईंनी खुर्चीखाली पाहिलं. पायाची बोटं हलत होती.

पाचच्या सुमारास संघपालचा फोन आला. वैजापूरच्या एका बाईंनी सगळ्यांच्या आधी हात वर करून विचारलं होतं, आमच्याकडं एका फोनवर चार पोरं, कसं करायचं? त्यानं बसलेली म्हैस दाखवली. त्या बाई लगेच म्हणाल्या, मग आमची शाळा घ्या. बाकीच्यांचं अजून ठरायचं होतं, पण त्याच्या आवाजात गुळाचा वास होता असं द्वारकाबाईंना वाटलं.

मुलं गेली. गुलशन मागं राहिली. “बाई, तुमचं कुठंय?” “काय माझं?” “तुमचं चित्र. तुमचा फोन द्या ना.” बाई नको नको म्हणत असताना तिनं फोन हातातून घेतलाच, होकार दाबून घेतला, आणि शिक्षिकेसारखी खुर्ची त्यांच्यासाठी सरकवली. “बसा. चित्र काय पाहिजे?” “तूच दे काहीतरी.” तिनं विचार करून कपाशीचं बोंड दिलं, का, ते तिलाच ठाऊक. “आता नाव. इथं एकट्याचं नाव टाकायचं असतं. घराचं नाय, तुमचं.” तिची बोटं अक्षरांवर तयार होती आणि ती वळून बाईंकडं बघत होती, वाट बघत. खोलीत ऊन तिरपं आलं होतं. गॅसवाला द्वारकाबाई म्हणायचा, बँकेत द्वारकाबाई, मुलं नुसतं बाई. बद्रीनाथ शेवटी शेवटी, औषधाच्या गुंगीत, द्वारके म्हणायचे आणि त्या नावावर बाईंनी प्रेम केलं होतं. ते परकं नव्हतं आता, त्यात एक सबंध माणूस राहून गेला होता. पण ते सगळं घराच्या पाटीवर होतं. त्यांना वाटलं, आपण काही बोलणार नाही. आणि मग कुठूनतरी, कपाशीवरून यावा तसा मऊ होऊन, त्यांचाच आवाज आला.

“कृष्णा.”

“कृष्णा तर पोराचं नाव असतं.”

“आमच्या देवगावात पोरीचं बी असायचं.”

“बरं,” गुलशन म्हणाली, जराही न अडखळता, आणि तिनं एकेक अक्षर टाकलं. पडदा क्षणभर पांढरा झाला. ‘नमस्कार, कृष्णा.’ बाईंनी हात मांडीवर घट्ट धरले. खाली एक रिकामी फळी होती, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुम्ही अजून एकही गोष्ट वाचलेली नाही. सुरुवात करायची?’

“उंटिणीची घ्या,” गुलशन शेजारी स्टूल ओढत म्हणाली. “पण पुलाचं काय होतं ते मी सांगणार नाय हां.”

बाईंनी बटण दाबलं. टेबलाखाली, चपलेत, त्यांच्या पायाची बोटं आधीच हलायला लागली होती.